चाकातला 'आऊट'

आजचा भाग सायकलच्या चाकावर. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

गेल्या पावसाळ्यात बल्लारपूरहून राजुऱ्याला येत होतो. वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि माझी गिअरची सायकल खड्ड्यात आपटली. मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. गावातल्या जुन्या दुकानात गेलो आणि शहाणपणा केला, "काका, व्हील ट्रूइंग करायचंय."

काकांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं. "आऊट हाये बापू. आऊट काढून देतो."

मी मनात हसलो. घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा हसू गेलं. इंग्रजीत वाकड्या चाकाला 'आऊट ऑफ ट्रू' म्हणतात. मला वाटतं, आपल्या मिस्त्रींनी त्यातला कामाचा शब्द तेवढा ठेवला.

आता बैलगाडीचं चाक आठवा. त्यात लाकडी आरे असतात. खालचा आरा खांबासारखा भार पेलतो. सायकलच्या तारेला ते कसं जमणार? बारीक तार दाबली की वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. वजन पडलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, बाकीच्या चाक धरून ठेवतात. म्हणजे सगळा खेळ ताणाचा.

१८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरने तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांची 'एरियल' सायकल आली. त्यात तारा मधल्या हबपासून सरळ रिंगकडे जायच्या. पण पायडलचा जोर हबला पिळतो, आणि सरळ तार तो पीळ नीट पोचवत नाही. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरप्या लावल्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. दीडशे वर्षं झाली, तुमच्या मागच्या चाकात आजही बहुधा तीच रचना आहे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. पुढे घरोघरी आली ती इंग्लिश वळणाची काळी सायकल. घरी असेल तर तारा मोजा: पुढे ३२, मागे ४०. मागे जास्त का? तुमचं वजन, कॅरियरवरचं पोतं आणि पायडलचा जोर, सगळं मागेच येतं.

राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. मग नांदेडमध्ये गेलं, १९५९ ला चांद्यात आलं. काकांची भाषाही तशीच मिसळलेली: तारा, छर्रे, निपल, आऊट.

त्या दिवशी काकांनी फिरत्या रिंगजवळ खडू धरला. जिथे खूण उमटली, तिथली एक तार सैल केली, समोरच्या बाजूची आवळली. मग बोटाने तारा छेडून आवाज ऐकला. अर्ध्या तासात चाक सरळ!

"आता लोक आख्खं चाकच बदलतात," काका म्हणाले. "पोरगा खाणीत लागला. हे दुकान माझ्यासंगंच."

दुकान थांबवणं माझ्या हातात नाही. पण पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे आऊट काढायला शिकायला जातोय. तुमच्या गावचे मिस्त्री काय शब्द वापरतात, ते त्यांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!