हजेरीपट हाच पुरावा

सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं आणि आत कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची माणसं होती. त्यांना तिथं डांबणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्याच्याही मानगुटीवर बसला. सरकारनं जमात जाहीर केली की घरातल्या माणसांची नोंद रजिस्टरात व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. गिरण्यांना मजूर हवे होते, ते या कुंपणातून मिळत गेले.

माझे आजोबा गिरणीत बदलीवर होते. आजी रात्रीच्या हजेरीचं सांगायची. पोर तापानं फणफणलेलं असलं तरी त्याला काखेत मारून रांगेत उभं राहायचं. परगावी मयत झालं तर आधी पास. पास मिळेस्तोवर तिकडं माती उरकलेली असायची. या जगण्याचं चित्र भीमराव जाधव गुरुजींनी आत्मकथनात मांडून ठेवलं आहे.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हाही हा कायदा जिवंत होता. त्याच काळात फाळणीनं उखडलेले सिंधी बांधव कल्याणच्या लष्करी छावणीत आले. 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सरकारनं त्यांना निर्वासित मानलं, पुनर्वसनाचं खातं उभं केलं, आणि ते योग्यच झालं. आमच्या माणसांचं मूळ गाव मात्र कुणी विचारलं नाही. मुंबई प्रांतानं 1949 मध्ये कायदा मोडीत काढला, देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. आमचा मुक्तिदिन तो.

आज मी वस्तीतल्या पोरांच्या जातीच्या दाखल्याच्या फायली तयार करून देतो. या कायद्यातून सुटलेल्या आमच्या जमातींना, म्हणजे विमुक्त जातींना, 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा पालावर जगला, त्यानं सातबारा कुठून आणायचा? शाळेचा दाखला कुठला? त्यात कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त जातीत! सख्ख्या सोयऱ्यांना दोन कायदे. सोलापूरच्याच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगानं 2008 मध्ये केंद्राला अहवाल दिला. दाखल्यासाठीचे हेलपाटे अजून चुकलेले नाहीत.

माझी मागणी साधी आहे. आमच्या आजा-पणजांचं नाव, जमात आणि बोटांचे ठसे सरकारनं स्वतःच्या हातानं नोंदवून ठेवले होते. सेटलमेंटची ती रजिस्टरं, हजेरीपट, पासांच्या नोंदी जिथं शिल्लक असतील तिथून बाहेर काढा. त्यांच्या याद्या तहसील कचेरीत लावा आणि वंशजांच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून मान्य करा. ज्या कागदानं आम्हाला गुन्हेगार ठरवलं, त्याच कागदानं आमचं नागरिकत्व शाबीत झालं पाहिजे. सरकार आमचं एवढं देणं लागतंच.