शवासन: नुसतं पडून राहण्याची गोष्ट



योगाच्या क्लासमध्ये शेवटची पाच मिनिटं आली की काय होतं, पाहिलंय ना? सर म्हणतात, "चला, आता सगळे शवासनात." आणि निम्मे लोक मॅट गुंडाळायला लागतात. कुणाला ८.१४ ची लोकल गाठायची असते, कुणाचा फोन थरथरत असतो. मीही त्यातलीच. घाम निघाला, अंग मोकळं झालं, आता नुसतं पडून काय करायचं?

आजचा भाग या नुसतं पडून राहण्याबद्दल आहे. आणि मी या विषयाकडे वळले ती क्लासमुळे नाही, बाबांमुळे.

झालं असं, की बाबांना एक फॉरवर्ड आला. मुंबईच्या डॉक्टरांनी म्हणे सिद्ध केलंय, रोज शवासन करा आणि बीपीची गोळी फेकून द्या. बाबांनी कुणालाही न सांगता गोळी बंद केली. दोनेक महिन्यांनी बँकेच्या रांगेत त्यांना चक्कर आली. दवाखान्यात दाब निघाला १९० वर ११०. नशीब, तेवढ्यावरच निभावलं. घरी आल्यावर आईने कपाटाचा खण उघडला, तर आत गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला आधी वाटलं, फॉरवर्ड म्हणजे थापच असणार. म्हणून शोधायला बसले. आणि गंमत बघा, ती पूर्ण थाप नव्हती. मुंबईत असा अभ्यास खरंच झाला होता. फक्त त्यात जे लिहिलं होतं, ते फॉरवर्डमध्ये नव्हतं.

तर सुरुवातीपासून सांगते.

शवासन जुनं आहे. पंधराव्या शतकाच्या आसपास स्वात्मारामांनी 'हठयोगप्रदीपिका' लिहिली. त्यात हे आसन आहे, आणि त्याचं वर्णन अगदी थोडक्यात आहे. मेलेल्या माणसासारखं जमिनीवर उताणं पडायचं; त्याने थकवा जातो, मनाला विसावा मिळतो. बस्स. रक्तदाबाचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं, कारण तो मोजायची सोय त्या काळी कुठेच नव्हती. नंतरच्या 'घेरंडसंहिते'त हेच आसन मृतासन या नावाने येतं. म्हणजे कित्येक शतकं हे आसन होतं, पण ते करताना शरीरात नेमकं काय होतं हे मोजून पाहणारं कुणी नव्हतं.

ते मोजायचं वेड ज्यांनी घेतलं ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलं. त्यांचा प्रश्न साधा होता: योगाने फायदा होतो असं सगळे म्हणतात, पण होतो कसा? १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. क्ष-किरण लावून नौली आणि उड्डियान करताना पोटात काय होतं ते पाहिलं. पुढे आसनं करताना रक्तदाब किती बदलतो, त्याचीही मोजमापं केली. १९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. त्या काळात रक्तदाबावर भरवशाची गोळीच नव्हती. डॉक्टरही प्रामुख्याने विश्रांतीच सांगायचे.

इकडे लोणावळ्यात हे चालू असताना तिकडे शिकागोत एडमंड जेकबसन नावाचे डॉक्टर वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होते. त्यांचं म्हणणं, मनात काळजी असते तेव्हा स्नायू आपोआप आवळलेले असतात. मग एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि सैल सोडायचा. सैल म्हणजे काय, ते शरीराला शिकवायचं. त्यांचं पुस्तक आलं १९२९ मध्ये. १९३६ मध्ये माँट्रियलहून हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, जखम, विष, काहीही त्रास दिला तरी शरीर जवळपास एकाच ठरावीक पद्धतीने उत्तर देतं, असं त्यात होतं. पुढे त्यांनीच याला 'स्ट्रेस' हे नाव रूढ केलं. आज आपण दिवसातून दहा वेळा जो शब्द वापरतो ना, तो या अर्थाने शंभर वर्षांचाही नाही. आपला 'ताण' तर दोरीचा शब्द. आणि दोरीवरचा ताण कसा घालवायचा हे कुणाला सांगावं लागत नाही. सैल सोडायची.

आता मुंबईत या. परळचं के. ई. एम. रुग्णालय.

१९४९ मध्ये इथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध छापला. विषय सर्पगंधा. आपल्याकडे वैद्य वापरायचे तीच मुळी. वकिलांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन परिणाम नोंदवले आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातूनच पुढे रेसरपिन हे औषध आलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हे मुद्दाम सांगतेय. "गोळी म्हणजे परदेशी, योग म्हणजे आपला" असं भांडण आपण लावतो ना, त्यात हा किस्सा बसतच नाही. रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एकीची वाट इथल्याच मुळीतून, इथल्याच रुग्णालयातून गेली आहे.

आणि मग १९६९. त्याच के. ई. एम. मधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते, त्यांच्याबरोबर देशमुख आणि दळवी, आणि चौथे विनेकर, जे कैवल्यधामात संशोधन करायचे. म्हणजे लोणावळा आणि परळ एकत्र आले. 'अँजिओलॉजी' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विषय होता, उच्च रक्तदाबावर शवासन. बाबांच्या फॉरवर्डचा आजोबा हाच!

त्यात ४७ रुग्ण होते, तीन गटांत. पहिल्या गटात १० जण, ज्यांना रक्तदाबाचं औषध चालू नव्हतं. त्यांचा सरासरी दाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला, १३४ वरून १०७ वर आला. मोठी घट आहे ही. दुसऱ्या गटात २२ जण, औषधाने दाब आटोक्यात असलेले. त्यातल्या १३ जणांचं औषध जवळपास एक तृतीयांशावर आणता आलं. तिसऱ्या गटात १५ जण, औषध घेऊनही दाब नीट आटोक्यात नसलेले. तिथे फक्त ६ जणांचं औषध कमी झालं.

आता उलटं मोजा. दुसऱ्या गटातल्या ९ जणांचं औषध कमी झालं नाही. तिसऱ्या गटातल्याही ९ जणांचं नाही. गोळी फेका असं या निबंधात कुठेच नाही. औषध कमी केलं ते डॉक्टरांनी, दाब मोजत मोजत. शिवाय शवासन न करणारा वेगळा गट तुलनेला ठेवलेला नव्हता. त्यामुळे फायदा शवासनाचा किती आणि डॉक्टरांनी एवढं लक्ष दिल्याचा किती, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही.

ही उणीव भरून काढली लंडनजवळ क्रॉयडनला फॅमिली डॉक्टर असलेल्या चंद्रा पटेल यांनी. १९७५ मध्ये त्यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे योगातलं शिथिलीकरण शिकवलं, जोडीला शरीर किती सैल झालं ते कळवणारं यंत्र. दुसऱ्या गटालाही तेवढाच वेळ दिला, पण 'आराम करा' एवढंच सांगितलं. पहिल्या गटाचा दाब १६८ वर १०० होता, तो १४१ वर ८४ झाला. दुसऱ्याचा १६९ वर १०१ होता, तो १६० वर ९६. नंतर दुसऱ्या गटालाही तेच शिकवलं, तर त्यांचाही दाब तसाच उतरला. म्हणजे नुसतं पडणं आणि शिकून पडणं, यात फरक आहे.

मग शिकायचं काय? दाते यांच्या निबंधातलीच पद्धत सांगते. उताणं पडा. पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून जरा दूर, बोटं किंचित वळलेली, डोळे मिटलेले. श्वास पोटाने, सावकाश. श्वास घेतल्यावर छोटा थांबा, सोडल्यावर जरा मोठा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडण्याची घाई नको. मग लक्ष नाकपुड्यांकडे: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी कोमट. एवढंच बघत राहायचं. हळूहळू हात-पाय जड वाटायला लागतात. त्या रुग्णांना हे नीट जमायला साधारण तीन आठवडे लागले होते आणि ते एका वेळी अर्धा तास करायचे. त्यामुळे पहिल्या दिवशी डोक्यात ऑफिसचा ग्रुप वाजत राहिला तर नाराज होऊ नका. झोप लागली तरी गुन्हा नाही, पण ते शवासन नाही. शवासनात आतून जागं राहायचं असतं.

आमच्या घरी काय झालं? बाबांची गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं, की काही गोळ्या एकदम बंद केल्या तर दाब उसळून वर येतो. मग मी बाबांना तो निबंध समजावून सांगितला, आकड्यांसकट. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हणजे गोळीही घ्यायची आणि पडायचंही?" म्हटलं, हो बाबा, दोन्ही.

आता संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी पडते. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. फोन स्वयंपाकघरात. वर्ष होत आलं. त्यांचा डोस कमी झालेला नाही. त्या ९ जणांतले आहेत बहुतेक. पण रात्री दोन वाजता उठून हॉलमध्ये येरझारा घालणं थांबलंय. आणि परवा आई म्हणाली, "मीपण येऊ का गं? कंबर टेकवायला." तिसरी सतरंजी काढली.

तुमच्या घरात कुणाला बीपी असेल, तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. फक्त पाठवताना वर एक ओळ लिहा: गोळी चालू ठेवा, आणि कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि उद्या क्लासमध्ये सरांनी शवासन म्हटलं, की मॅट गुंडाळू नका. पाच मिनिटांनी लोकल चुकत नाही. चुकलीच, तर पुढची असतेच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.