अग्रलेख

अग्रलेख : वृत्तपत्राचे स्वतःचे मत मांडणारा, संपादकीय पानावर ठरावीक जागी येणारा मुख्य लेख. इंग्रजी ‘लीडिंग आर्टिकल’साठी मराठीत हा शब्द रुळला. त्याच पानावरील छोट्या संपादकीय टिपणांना ‘स्फुटे’ म्हणतात. अग्रलेखाखाली सहसा सही नसते; तो कोणीही लिहिला तरी मत पत्राचे आणि जबाबदारी संपादकाची.

इतिहास : 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू झाले. अग्रलेखाला खरी धार आली ती 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’त. सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढल्यावर पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर 1887 मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढले. पत्राचे मत एकच असते, हे या ताटातुटीतून स्पष्ट झाले. 12 मे व 9 जून 1908 च्या ‘केसरी’तील अग्रलेखांबद्दल त्याचे तेव्हाचे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली.

सोलापूर : येथे 12 मे 1930 पासून सुमारे सात आठवडे मार्शल लॉ होता. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत काम करीत. खटला पोलिसांच्या हत्येचा होता, लेखनाचा नव्हता. तरी संपादक लोकांबरोबर कुठवर उभा राहतो, याचे हे उदाहरण सोलापूरने जपले आहे. रंगाअण्णा वैद्य यांनी दीर्घकाळ संपादिलेल्या ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकांचे मोल इथेच कळते. बंद पडलेल्या गिरण्या, यंत्रमाग, उजनी धरणाचे पाणी यांवर सातत्याने भूमिका घेणे हे मुंबई-पुण्याच्या पत्रांपेक्षा गावच्या पत्राचेच काम.

संबंधित संज्ञा : ‘ऑप-एड’ म्हणजे संपादकीय पानासमोरचे पान. 1921 मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे हर्बर्ट बेयर्ड स्वोप यांनी अशा पानाचा पाया घातला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 21 सप्टेंबर 1970 पासून ते बाहेरच्या लेखकांना खुले केले. तेथील लेख सहीचा असतो आणि मत लेखकाचे. मराठी दैनिकांत असे लेख बहुधा अग्रलेखाशेजारीच छापले जातात. म्हणून मत कोणाचे हे ठरवताना वाचकाने आधी लेखकाचे नाव आहे का ते पाहावे.