आधी जुने जपावे, मग नवे काढावे

हिवरखेडला आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. एकदा वर्गात भारताच्या पहिल्या बोलपटाचा विषय निघाला. 'आलम आरा' हे नाव मुलांना पाठ होते. "सर, आम्हाला तो दाखवा ना," असे एकजण म्हणाला आणि आम्ही निरुत्तर झालो. दाखवणार कोठून? त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात आर्देशिर इराणींचा 'आलम आरा' झळकला. जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावर तो आधारलेला होता. नायिका झुबेदा, नायक मराठमोळे मास्टर विठ्ठल. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी हिंदी पडद्यावरचे पहिले गाणे गायिले. पुढे नानूभाई वकील यांनी १९५६ व १९७३ साली हाच चित्रपट पुन्हा काढला. दोन्ही वेळा फकीर झाले ते वझीर मोहम्मद खानच! नट तोच राहिला, मूळ चित्रपट मात्र गेला. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती आणि जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठीही विकल्या जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली.

म्हणून काय, जुने चित्रपट नव्याने काढूच नयेत? आम्हाला तसे वाटत नाही. मेहबूब खान यांनी १९४० चा आपलाच 'औरत' १९५७ साली 'मदर इंडिया' म्हणून नव्याने काढला. सुखीलाला सावकार दोन्हींत कन्हैयालालच होते. मिर्झा हादी रुसवा यांच्या १८९९ च्या कादंबरीवर मुजफ्फर अली यांनी १९८१ साली आणि जे. पी. दत्ता यांनी २००६ साली 'उमराव जान' काढला. कादंबरी आहे, दोन्ही चित्रपट आहेत. कोणता सरस, हे ज्याने त्याने पाहून ठरवावे.

'आलम आरा'बाबत ही सोय उरली नाही. आमच्या जबानीचे बोलपटातले पहिले बोल कसे उच्चारले गेले, हे आमच्या मुलांना कधीच ऐकता येणार नाही. आणखी दहा वेळा तो काढला, तरी ते बोल परत येणार नाहीत. नव्याला आमची ना नाही. पण नवे काढणाऱ्याने आधी जुन्याची प्रत सांभाळली पाहिजे.

त्या मुलाला आम्ही अखेर खरे तेच सांगितले, "बेटा, तो आपण सांभाळला नाही."