तळटीप : व्रात्य

* व्रात्य कार्टं : आजीच्या तोंडी याचा अर्थ खोडकर, इतकाच, शब्दाचं वय मात्र आजीहून फार मोठं. मनुस्मृतीत ठरल्या मुदतीत (ब्राह्मणाला १६ वर्षं) मुंज न झाल्याने संस्कारांबाहेर पडलेला तो व्रात्य. कोणी हा शब्द ‘व्रत’वरून लावतात, कोणी ‘व्रात’ म्हणजे टोळी यावरून. मला टोळीच पटते. उन्हाळी सुट्टीतला कोणताही वाडा आठवावा. गंमत अशी, की अथर्ववेदाचं १५वं कांड याच व्रात्याची चक्क थोरवी गातं. बाहेरच्यांना यज्ञव्यवस्थेत घेण्यासाठी ‘व्रात्यस्तोम’ विधीही होता. मराठीत मुंज गळाली, खोड्या उरल्या. आणि ‘टारगट’मध्ये नसलेला थोडा लाडही. — संपा.