झाशी : जुने शहर व पर्यटन

बुंदेलखंडातील ऐतिहासिक शहर. पर्यटक बहुधा वीरसिंहदेव बुंदेल्याचा किल्ला (१६१३) धावत पाहून ओरछा किंवा खजुराहो गाठतात. मराठी झाशी मात्र तटाखालच्या वस्तीतच उमगते. अठराव्या शतकात मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले. राणीमहाल झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळातला, लक्ष्मी तलावाकाठची राजा गंगाधररावांची छत्रीही त्याच घराण्याची. १८५८मध्ये इंग्रजांनी वेढा घालून शहर लुटल्यानंतर पाहण्यासारखे उरलेच काय, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नष्ट झाला, हे खरे. पण गंगाधरराव-लक्ष्मीबाईंचा विवाह (१८४२) झाला ते गणेश मंदिर आजही आहे. त्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) हे इथले खरे मार्गदर्शक पुस्तक. सरकारी फलकांपेक्षा कितीतरी बोलके.