गिटारवरील ल्यूट जुळणी

गिटारवरील ल्यूट जुळणी ही सहा तारांच्या गिटारची एक पर्यायी स्वरजुळणी होय. तीत गिटारची तिसरी तार नेहमीच्या जी स्वरावरून अर्ध्या स्वराने उतरवून एफ शार्पवर आणली जाते. उरलेल्या पाच तारांना हात लावला जात नाही. एवढ्या एकाच बदलाने गिटारच्या तारांमधील अंतरे सोळाव्या शतकातील युरोपीय ल्यूट आणि स्पॅनिश विहुएला या वाद्यांच्या अंतरांशी तंतोतंत जुळतात. त्यामुळे प्रबोधनकाळातील रचना गिटारवर मूळ बोटांच्या मांडणीनुसार वाजवता येतात.

स्वरांतरांची रचना

आधुनिक गिटारच्या तारा खर्जाकडून टिपेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. लगतच्या दोन तारांमध्ये सर्वत्र षड्ज ते शुद्ध मध्यम एवढे अंतर असते. अपवाद केवळ तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेचा. तेथे हे अंतर षड्ज ते शुद्ध गांधार एवढे असते. प्रबोधनकालीन ल्यूटच्या सहा जोडतारा सामान्यतः जी, सी, एफ, ए, डी, जी अशा मानल्या जातात. तेथेही गांधाराचे अंतर एकदाच येते, परंतु ते चौथ्या आणि तिसऱ्या तारेमध्ये असते. गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवली की गांधाराचे अंतर एक तार खाली सरकते आणि ई, ए, डी, एफ शार्प, बी, ई ही जुळणी सिद्ध होते.

ल्यूटची जी स्वरावरील पट्टी हवी असल्यास तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून धरणारा चाप) लावतात. त्यामुळे मोकळ्या तारा जी, सी, एफ, ए, डी, जी अशा बोलू लागतात. ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर कॅपोनंतर सुमारे ५४७ मिलिमीटर लांबी उरते. त्यामुळे पडदे जवळ येतात आणि बोटांचे मोठे ताण सुसह्य होतात. एकल वादनासाठी कॅपो अनिवार्य नाही. त्या काळी सर्वमान्य असा एकच स्वर ठरलेला नव्हता आणि टिपेची तार तुटणार नाही इतपत चढवून बाकीच्या तारा तिच्याशी जुळवण्याचा प्रघात होता.

जुळवण्याची रीत

नेहमीच्या जुळणीत तिसरी तार चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्याशी आणि दुसरी तार तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्याशी मिळवतात. ल्यूट जुळणीत हा क्रम उलटतो: तिसरी तार चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्याशी मिळवतात, तर तिसऱ्या तारेचा पाचवा पडदा मोकळ्या दुसऱ्या तारेशी जुळतो. चौथ्या अष्टकातील ए ४४० हर्ट्झ धरल्यास तिसरी तार १९६ हर्ट्झवरून १८५ हर्ट्झवर येते. तारेवरील ताण यामुळे सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. तार किंचित सैल भासते, परंतु ती बदलावी लागत नाही. उतरवलेली तार काही काळ हलत राहत असल्याने ती दोन-तीनदा तपासणे इष्ट ठरते.

बोटांच्या मांडणीवरील परिणाम

तिसऱ्या तारेवरील प्रत्येक स्वर या जुळणीत एक पडदा पुढे सरकतो. ई मेजर या स्वरसंघातासाठी तिसऱ्या तारेवर पहिल्याऐवजी दुसरा पडदा दाबावा लागतो. सवयीने जुन्याच जागी बोट ठेवल्यास ई मायनर उमटतो. नवशिक्या वादकाचा बहुतेक गोंधळ येथेच होतो.

या गैरसोयीचा मोबदला बहुस्वनी रचनांमध्ये मिळतो. प्रबोधनकालीन संगीतात दोन, तीन वा चार स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. खालच्या पंक्तीतील स्वर धरून ठेवून वरची पंक्ती पुढे न्यावयाची, तर एक बोट जागेवर राहावे लागते व दुसरी मोकळी असावी लागतात. मूळ रचनाकाराने हा हिशेब आपल्या वाद्याच्या जुळणीवर केलेला असतो. नेहमीच्या गिटार जुळणीत अनेक ठिकाणी बोट अकाली उचलावे लागते, धरलेला स्वर तुटतो आणि ती पंक्ती ऐकणाऱ्याच्या कानातून निसटते. ल्यूट जुळणीचे खरे प्रयोजन हा तुटणारा स्वर टिकवणे हे आहे.

मूळ ग्रंथ आणि लेखनपद्धती

ल्यूटचे संगीत टॅब्लेचर या लिपीत लिहिले जाई. तीत स्वराचे नाव नसून कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबावा हे सांगितलेले असते. म्हणून जुळणी बदलली की लिपीचा अर्थही बदलतो. फ्रेंच पद्धतीत पडद्यांसाठी अक्षरे वापरीत व सर्वांत वरची रेषा टिपेच्या तारेची असे. इटालियन पद्धतीत अंक वापरीत, मात्र टिपेची तार सर्वांत खालच्या रेषेवर दाखवीत. व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०७ मध्ये छापलेले फ्रांचेस्को स्पिनाचिनोचे संग्रह हे ल्यूटचे सर्वांत जुने उपलब्ध छापील ग्रंथ होत.

स्पेनमध्ये विहुएलासाठी लुईस दे मिलान (१५३६), लुईस दे नार्वाएस (१५३८) आणि आलोन्सो मुदारा (१५४६) यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. मिलानच्या ग्रंथात अंक असून टिपेची तार वरच्या रेषेवर आहे. आजच्या गिटार टॅब्लेचरचीही मांडणी हीच असल्याने नव्या वाचकास तो सर्वांत सुलभ वाटतो. नार्वाएसच्या रचना आणि वीणासदृश हार्प वाद्याचे अनुकरण करणारी मुदाराची दहावी फँटसी गिटारवादक आज बहुधा याच जुळणीत वाजवतात. इटलीतील फ्रांचेस्को दा मिलानो (१४९७–१५४३) आणि इंग्लंडमधील जॉन डाउलंड (१५६३–१६२६) यांच्या रचनाही यात मोडतात.

मर्यादा

ही जुळणी गिटारला ल्यूट बनवत नाही. ल्यूटच्या तारा आतड्याच्या तातीच्या आणि बहुतांशी जोडीने लावलेल्या असत. खर्जाच्या जोडीत एक तार अष्टक वरची असे. ल्यूटची पाठ फुगीर व घडण हलकी असते आणि पडदेही तातीचे, दांडीला बांधलेले व सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकवता येण्याजोगे असतात. गिटारच्या एकेरी तारांचा नाद अधिक लांबतो, तर ल्यूटचा लवकर विरतो.

डाउलंडच्या काळापर्यंत सात वा अधिक जोडतारांची ल्यूट रूढ झाली होती. त्या रचनांमधील खोल खर्जाचे स्वर सहा तारांवर मिळत नाहीत. ते अष्टक वर घ्यावे लागतात किंवा सहावी तार डीपर्यंत उतरवावी लागते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्यूटच्या जुळणीतच बदल होत गेले. पुढील बरोक ल्यूटच्या संगीतासाठी ही जुळणी उपयोगी पडत नाही.

तथापि, ज्यास ल्यूट उपलब्ध नाही अशा विद्यार्थ्यास सोळाव्या शतकातील छापील पाने कोणत्याही रूपांतराविना थेट वाचता यावीत, यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी एक खुंटी किंचित फिरवणे पुरेसे असते.